जुन्या स्पीकरचं कापड

राजूरला दोन रंगांची धूळ आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातल्या या गावाला बहुतेक लोक राजूर कॉलरी म्हणूनच ओळखतात. जमिनीखाली कोळसा, म्हणून खाण. आसपास चुनखडीचा दगड, म्हणून चुनाभट्ट्या. काळी धूळ कोळशाच्या ट्रकांतून उडते, पांढरी भट्ट्यांकडून येते, आणि दोन्ही घरात शिरून फडताळावर, फोटोच्या चौकटीवर, माळ्यावर ठेवलेल्या जुन्या रेडिओवर बसतात. असा रेडिओ खाली काढला की सगळ्यात आधी नजरेत भरतं ते स्पीकरसमोरचं कापड. कधीकाळी ते सोनेरी होतं हे घरातल्या मोठ्यांना आठवतं. आज ते मळकट करडं दिसतं. घरातल्या कुणाचा तरी हात लगेच ओल्या फडक्याकडे जातो, आणि पुष्कळ स्पीकर नेमके तिथेच बिघडतात.

या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: जुना स्पीकर घरी नीट करता येतो, पण त्या कामाला क्रम आहे. आधी कोरडं, मग ओलं. आधी कापड, मग कोन. आणि मूळचं जेवढं टिकवता येईल तेवढं टिकवायचं. कापड ही शोभेची वस्तू समजून ते फाडून नवं लावणारे पुष्कळ भेटतात. मला ते मनापासून खटकतं. त्या कापडावर बसलेली धूळ म्हणजे इतकी वर्षं कोनपर्यंत न पोचलेली धूळ. त्याने आपलं काम केलं म्हणून ते मळलं.

ते काम काय होतं हे कळायला स्पीकरच्या आत डोकवावं लागतं. जाड कागदाचा एक शंकू असतो, त्याला कारागीर कोनच म्हणतात. त्याच्या टोकाला तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल. ही कॉइल चुंबकाच्या अरुंद फटीत तरंगत असते. रेडिओतून येणारा वीजप्रवाह सतत दिशा बदलतो, त्याबरोबर कॉइल पुढेमागे होते, कोनला हलवते, कोन हवेला हलवतो, आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली या रचनेवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. आज शंभर वर्षांनंतरही बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. साहित्य बदललं, रचना तीच राहिली. म्हणूनच साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा स्पीकर आजही दुरुस्त होऊ शकतो.

या यंत्राचा नाजूकपणा त्या फटीत आहे. कॉइलच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरहूनही कमी जागा असते. तिथे वाळूचा एक कण गेला तरी आवाज खरखरतो. लोखंडाचा कीस गेला तर आणखी वाईट, कारण चुंबक तो धरून ठेवतो, सोडतच नाही. पुढचं कापड या फटीची आणि कागदी कोनची राखण करतं. पण राखण करताना त्याने आवाज अडवायचा नाही. हवा मोकळी जाऊ द्यायची आणि धूळ थांबवायची, अशी दोन उलट कामं त्याला एकाच वेळी करावी लागतात. म्हणून त्याची वीण विरळ असते आणि सूत घट्ट पिळाचं असतं.

विदर्भातल्या घरांत असे रेडिओ कुठून आले? नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. ३ ऑक्टोबर १९५७ पासून विविध भारती आली. फिलिप्सने १९४८ मध्ये कोलकात्यात रेडिओ बनवायला सुरुवात केली आणि १९५९ मध्ये पुण्याजवळ दुसरा कारखाना काढला. मर्फीचे रेडिओ ठाण्यात बनत. बुश, नॅशनल एको, टेलेराड ही नावंही जुन्या घरांत सापडतात. त्या काळी रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. परवान्याचं जुनं पुस्तक कपाटात सापडलं तर जपून ठेवावं. आपला संच कधीचा आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

रेडिओ तेव्हा एकट्याने ऐकण्याची वस्तू नव्हती. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग झाला. पुणे केंद्रावरून शेतीविषयक कार्यक्रम प्रसारित होत. पुण्याच्या आसपासच्या पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत मंडळं तयार केली होती. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत, आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साहाय्याने त्याचा अभ्यास केला. वीसपंचवीस माणसं एका खोक्याभोवती बसत, तेव्हा शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवण्याची जबाबदारी त्या एका कागदी कोनवर असे. जुना स्पीकर हाती घेताना मला हे आठवतं, आणि त्याच्याशी घाईने वागावंसं वाटत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पण त्याआधी धोक्याचं सांगितलं पाहिजे, कारण इथे चूक झाली तर जिवाशी गाठ आहे. रेडिओ व्हॉल्व्हचा असेल, म्हणजे आत काचेच्या नळ्या असतील, तर त्याच्या आत दोनशे-अडीचशे व्होल्टचा एकदिश प्रवाह असतो. प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहतो. काही जुने एसी-डीसी संच ट्रान्सफॉर्मरशिवाय बनवलेले असत. त्यांच्या लोखंडी चॅसिसलाच घरचा करंट येऊ शकतो, आणि चॅसिसला टेकलेला मागचा स्क्रूही हातभर झटका देऊ शकतो. व्हॉल्व्हचा कुठलाही संच कित्येक वर्षं बंद असेल तर तो थेट बोर्डात लावून ‘चालतो का बघू’ म्हणू नये. आतले कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात, ते ट्रान्सफॉर्मर जाळतात. जाणकार मेकॅनिक आधी सिरीजमध्ये बल्ब लावून संच तपासतो, ते काम त्याच्याकडेच द्यावं. स्पीकर सोडवलेला असताना संच चालू करणंही टाळावं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की त्यात दाब चढतो आणि तो जळू शकतो. १९४०च्या आसपासच्या काही स्पीकरांत कायमचा चुंबक नसतो, त्याऐवजी मोठी विद्युतचुंबकी गुंडाळी असते आणि तिच्यातूनही हा उच्च दाब वाहतो. स्पीकरला दोनापेक्षा जास्त तारा दिसल्या तर हात मागे घ्यावा. या लेखात पुढे जे सांगतो आहे ते संचातून सोडवून टेबलावर घेतलेल्या, साध्या चुंबकाच्या स्पीकरबद्दल आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातले लाकडी स्पीकरबॉक्सही त्यात आले.

काहीही उघडण्याआधी समोरून, बाजूने, मागून फोटो काढावेत. कोणती तार कुठल्या टोकाला, कापडाची रेघ आडवी की उभी, खिळे कुठे, हे सगळं आठवेल असं वाटतं आणि आठवत नाही.

स्पीकर मोकळा झाला की त्याची तब्येत बघायची. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून अगदी हलक्या, सारख्या दाबाने तो आत ढकलावा. न घासता आत जाऊन परत आला तर कॉइल सरळ आहे. खर्र असा स्पर्श जाणवला तर फटीत कचरा आहे किंवा कॉइल वाकडी झाली आहे. मग मल्टिमीटर. ८ ओहम लिहिलेल्या स्पीकरला मीटर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो, आणि हे बरोबरच आहे, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. एक मात्र विसरू नये: मोजताना ट्रान्सफॉर्मरकडे जाणारी एक तार सोडवायची. नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतून रस्ता मिळून मीटर जवळजवळ शून्य दाखवतो आणि चांगला स्पीकर जळाला असं वाटून फेकला जातो. शेवटी दीड व्होल्टचा एक साधा सेल घेऊन तारा क्षणभर टेकवाव्यात. ‘टक्’ असा आवाज होऊन कोन हलतो. धन टोकाला सेलचं धन टोक लावल्यावर कोन पुढे आला पाहिजे. जोडीचे दोन स्पीकर असतील तर दोघांचे कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत, नाहीतर एकाची लाट दुसऱ्याची लाट खाते आणि खर्जातला आवाज हरवतो. उंच स्वरांच्या छोट्या ट्वीटरवर हा सेलचा प्रयोग करू नये.

आता कापड. इथे वेळ द्यायचा.

कोळशाची बारीक धूळ पाण्याला सहज धरत नाही. ओल्या फडक्याने घासलं की ती सुताच्या पिळात आणखी खोल जाते आणि काळा पट्टा कायमचा उमटतो. चुन्याची गोष्ट वेगळी आहे. भट्टीत चुनखडी साधारण ९०० अंशांना तापते, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. ही ताजी धूळ पाण्याला भेटली की तापते आणि तीव्र अल्कली बनते. जुन्या रेडिओच्या कापडात चमकणारी जी सोनेरी रेघ असते, ती पुष्कळदा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीतल्या ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियमला अल्कली सोसत नाही. चुन्याच्या धुळीवर पाणी पडलं की ती चमक जागोजाग विझते, आणि परत आणता येत नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच होतो आणि सुताला खपलीसारखा चिकटतो. ती खपली काढायला कुणी व्हिनेगर सुचवतं. पण आम्लाने सुती आणि रेयॉनचा धागा कमकुवत होतो, आणि पन्नास वर्षांच्या धाग्याकडे गमावण्याजोगी ताकद शिल्लक नसते. खपली ब्रशच्या टोकाने मोडून कोरडीच झाडावी.

म्हणून आधी मऊ, कोरडा ब्रश. जुना रंगाचा कुंचला चालतो. विणीच्या दिशेने हलकेच फिरवायचा, आडवा घासायचा नाही. शेजारी व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा बांधून, सगळ्यात कमी ओढीवर, कापडापासून जरा दूर धरावा. कापड चौकटीतून सुटलेलं असेल तरी पुढच्याच बाजूने ओढावं, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने बाहेर जाते. गॅरेजात नेऊन ‘हवा मारून’ आणायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. त्या हवेचा झोत जीर्ण धागा तोडतो, आणि उरलेली धूळ थेट कॉइलच्या फटीत कोंबतो.

एवढ्यावर कापडाचा रंग समाधानकारक दिसला तर तिथेच थांबावं. धुण्याची गरज जेवढी वाटते तेवढी क्वचितच असते.

धुवायचंच ठरलं तर आधी कोपऱ्यात, चौकटीआड लपणाऱ्या भागावर, ओल्या पांढऱ्या कापसाने टेकवून रंग सुटतो का ते बघावं. सुटला तर धुणं रद्द. नाही सुटला तर कापड चौकटीपासून वेगळं करायचं. जुन्या संचांत ते बहुधा सरसाने चिकटवलेलं असतं. सरस कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने मऊ होतो, मग कड सुरीच्या बोथट बाजूने सोडवत जावं. ओढू नये. पुढे परातीत थंड पाणी घेऊन त्यात रिठ्याचं गाळलेलं पाणी मिसळावं. जरीच्या साड्या रिठ्याने धुण्याची आपली जुनी रीत आहे, आणि इथेही ती उपयोगी पडते, कारण रिठा साबणासारखा अल्कली नाही. कापड फार फिकट असेल तर मात्र रिठ्याचा पिवळट रंग चढू शकतो, तिथे सौम्य द्रव साबणाचे दोन थेंब बरे. कापड एका जाळीवर पसरून जाळीसकट बुडवावं आणि जाळीसकट उचलावं. हे महत्त्वाचं आहे, कारण रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद निम्म्यावर येते. हातात धरून उचललेलं ओलं रेयॉन स्वतःच्या वजनाने फाटतं. पिळायचं तर मुळीच नाही. टॉवेलवर पसरून सावलीत वाळवावं. मे महिन्यात राजूर-वणीकडे ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जातं, त्या उन्हात रंग उडतो आणि प्लॅस्टिकचा धागा आकसतो.

फाटलेल्या जागी मागून बारीक नेटचा तुकडा लावावा. मुलींच्या फ्रॉकसाठी जी नेट मिळते तीच. मूळ कापडाच्या रंगाचा एकेरी धागा घेऊन सुटलेली सुतं तिच्यावर दोन-दोन टाक्यांनी बसवावीत. पुढून थोडं दिसेल, पण आवाज अडणार नाही. फेव्हिकॉल थापून चिकटवलेला जोड मात्र विणीची भोकं बुजवतो.

काही कापडं वाचतच नाहीत. उंदराने कुरतडलेली, किंवा बोट लावताच भुकटी होणारी. मग नवं कापड शोधायचं. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा, सुती कापडाला इथे तोटा नाही, पण दुकानातलं प्रत्येक कापड चालत नाही. मांजरपाट फार घट्ट विणीचा असतो. विरळ विणीची हातमागाची खादी चांगली, वर्ध्याकडच्या खादी भांडारांत ती शोधावी. निवडताना कापड ओठांसमोर धरून फुंकर मारावी. मागे धरलेल्या तळहाताला ती जवळजवळ तशीच लागली पाहिजे. याहून खात्रीची परीक्षा म्हणजे चालू स्पीकरसमोर कापड धरून बातम्या ऐकणं. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरं कापडामुळे बोथट झाली तर ते कापड परत करावं. उंच स्वर सगळ्यात आधी अडतात, आणि शब्द स्पष्ट कळतो तो त्यांच्यामुळेच.

लावण्याची पद्धत खाटेची नवार ताणण्यासारखी आहे: एका बाजूने सुरुवात करून सगळं ओढत नेलं की शेवटी वाकडं होतं. चारही बाजूंच्या मधोमध आधी एकेक टाचणी, मग तिथून दोन्हीकडे कोपऱ्यांच्या दिशेने आळीपाळीने सरकायचं. चौकटीवर एक काळा दोरा आडवा ताणून ठेवावा आणि बाणा त्याच्याशी समांतर ठेवत जावा. वीण अर्ध्या बोटाने तिरकी झाली तरी पूर्ण रेडिओ तिरका दिसतो. ताण एवढाच की बोटाने दाबल्यावर कापड जरा खाली जाऊन परत यावं. ढिलं राहिलं तर मोठ्या आवाजात ते फडफडतं, आणि ती फडफड कोनच्या बिघाडासारखीच ऐकू येते. कापडामागच्या फळीला आधी काळा मॅट रंग द्यावा, नाहीतर पातळ विणीतून फळीची पांढरी कड आणि गोल भोक दिसत राहतं. पावसाळ्यात सरस आणि फेव्हिकॉल दोन्ही सावकाश वाळतात, त्यामुळे टाचण्या लवकर काढू नयेत.

कोनची दुरुस्ती त्यामानाने थोडी आहे. लहान चीर असेल तर पतंगाचा पातळ कागद फाडून घ्यावा. कात्रीने कापू नये, फाडलेल्या कडेचे तंतू जोडात मिसळून जातात. पाण्याने पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने दोन्ही बाजूंनी चिकटवावा. गोंद जेवढा कमी तेवढं बरं. कोन जड झाला की त्याची हालचाल मंदावते आणि आवाज दबतो. धूळ झाडताना कोनच्या मधली छोटी टोपी दाबू नये. फटीत लोखंडी कीस दिसला तर जाड कागदाच्या पट्टीवर चिकटपट्टी उलटी लावून ती अलगद फिरवावी. लोखंडी स्क्रूड्रायव्हर उघड्या स्पीकरजवळ आणूच नये. चुंबक तो हातातून खेचतो आणि टोक कोनमधून आरपार जातं. ही दुर्घटना इतकी सर्रास घडते की काम करताना कोनवर पुठ्ठा झाकून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

सत्तरीनंतरच्या मोठ्या स्पीकरांत कोनच्या कडेला फोमची गोल वळी असते. तो फोम पॉलियुरेथेनचा. दमट हवेत तो हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि पंधरा-वीस वर्षांत हातात तुटून येतो. यात वापरणाऱ्याचा दोष नाही, द्रव्याचाच स्वभाव तसा आहे. त्याच्या मापाची नवी वळी बाजारात मिळते. जुनी पूर्ण खरवडून काढायची, मधली टोपी पात्याने सोडवायची, कॉइलच्या आतल्या फटीत जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या पट्ट्या सारख्या अंतराने खोचायच्या म्हणजे कॉइल बरोबर मध्ये राहते, आणि मगच नवी वळी चिकटवायची. गोंद पूर्ण वाळल्यावर पट्ट्या काढून कोन दाबून बघायचा. घासला नाही तर टोपी परत बसवायची. कागदी कडेच्या जुन्या रेडिओ-स्पीकरांना हे दुखणं नाही, आणि म्हणून १९५५चा स्पीकर पुष्कळदा १९८५च्या स्पीकरपेक्षा चांगल्या अवस्थेत सापडतो.

लाकडी पेटीवर मूळचं पॉलिश शिल्लक असेल तर मऊ फडक्याने पुसण्यापलीकडे काही करू नये. जिथे ते उडालंय तिथे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे पातळ हात द्यावेत, पण कापड पुढून काढून ठेवूनच. चपड्याचा एक थेंब विणीत गेला तर ती भोकं पुन्हा उघडत नाहीत.

काढलेलं मूळ कापड, मग ते कितीही जीर्ण असो, कागदी पाकिटात घालून त्याच पेटीच्या आत एका बाजूला चिकटवून ठेवावं. पुढे कुणाला त्या विणीचं, त्या रंगाचं कापड हुबेहूब विणून घ्यायचं असेल तर नमुना लागेल. आणि दुरुस्त झालेला संच ठेवायची जागा निवडताना रस्त्याकडची खिडकी टाळावी. बंद असताना वर सुती आच्छादन घालावं, चालू करताना ते पूर्ण काढावं, कारण व्हॉल्व्हची उष्णता बाहेर जायला मागचा आणि वरचा भाग मोकळा लागतो. महिन्यातून एकदा कोरडा कुंचला फिरवला की राजूरच्या धुळीतही कापडाला पुढची कित्येक वर्षं पाणी लावावं लागणार नाही.